विषाणूंच्या तापांत फुप्फुसाचें काय होतें?



१९१८ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ६ तारखेस मुंबई शहरांत एकाच दिवसांत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्याच वर्षीं जून महिन्यांत बंदराच्या वाटेनें शहरांत शिरलेला इन्फ्लुएंझा पहिल्या खेपेस चार दिवस ताप व अंगदुखी देऊन बहुतेकांस सोडून गेला होता. सप्टेंबरांत तो परतला तो अगदीं निराळ्या रूपानें. आगगाडीच्या रस्त्यांनीं तो देशभर पसरला. त्या साथींत हिंदुस्थानांत किती माणसें गेलीं याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. जगांतील दुसऱ्या कोणत्याहि देशानें एवढी हानि सोसली नाहीं.

साथीचा इतिहास सांगण्यासाठीं मी आज आपला वेळ घेत नाहीं. त्यांतील एकच गोष्ट मला हवी आहे. नेहमींच्या इन्फ्लुएंझांत जीव जातो तो तान्ह्या मुलांचा व वृद्धांचा. १९१८ सालीं मात्र वीस ते चाळीस या वयाचीं, हातींपायीं धड असलेलीं माणसें अधिक दगावलीं. आपल्याकडे पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक दगावल्या. माझी पणजी तेव्हां गिरगांवांतील एका चाळींत माहेरीं राहत होती. तिचा धाकटा भाऊ रोज तालमींत जाणारा. जोर आणि बैठका यांशिवाय दूध न पिणारा. शुक्रवारीं त्यास थंडी भरून आली आणि मंगळवारीं तो गेला. जातांना त्याचे ओठ व नखें जांभळासारखीं काळींनिळीं झालीं होतीं, असें पणजी सांगत असे. त्याच खोलींत, त्याच हवेंत त्याची म्हातारी आई होती. तिला ताप आला आणि गेला. पुढें ती बारा वर्षे जगली. ही हकीकत मीं आजीच्या तोंडून लहानपणीं ऐकली, आणि तालमींत कमावलेल्या त्या छातींत चार दिवसांत असें झालें तरी काय, हा प्रश्न मनांत राहिला. पुढें याच धंद्यांत पडल्यामुळें त्याचें उत्तर थोडेंबहुत कळलें. तेंच आज सांगावयाचें आहे.

फुप्फुस म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें लोहाराचा भाता उभा राहतो. हवा आंत, हवा बाहेर. ही कल्पना अगदींच खोटी नाहीं. पण भात्याचें काम छातीचे स्नायु व श्वासपटल करीत असतात. फुप्फुसाचें खरें काम हवा आणि रक्त यांची गांठ घालून देण्याचें आहे. त्यासाठीं फार मोठें मैदान लागतें, आणि तें छातीच्या पिंजऱ्यांत मावावें म्हणून निसर्गानें त्यास कोट्यवधि घड्या घातल्या आहेत. घशाखालची श्वासनलिका दुभंगते, तिच्या शाखा पुन्हां दुभंगतात, असें सुमारें २३ वेळां होतें, आणि अखेरीस द्राक्षांच्या घोसांसारखे बारीक बारीक वायुकोश लागतात. २००४ सालीं काळजीपूर्वक केलेल्या एका मोजणींत माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सरासरीनें ४८ कोटि वायुकोश भरले. कोणांत २७ कोटि, तर कोणांत ७९ कोटि. एकेका कोशाचा व्यास मिलिमीटरच्या पांचव्या हिश्शाएवढा. हे सगळे उलगडून पसरले तर एखाद्या प्रशस्त बिऱ्हाडाच्या सर्व खोल्यांची जमीन झांकली जाईल.

प्रत्येक कोशाभोंवतीं केशवाहिन्यांचें जाळें असतें. अलीकडे हवा, पलीकडे रक्त, आणि मध्यें जो पडदा तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि पातळ. रक्तांतील लाल पेशी या चिंचोळ्या बोळांतून एकीमागून एक जातात. माणूस स्वस्थ बसलेला असतां प्रत्येक पेशी पडद्याशेजारीं सुमारें पाऊण सेकंद असते, आणि त्यांतला पहिला तिसरा हिस्सा संपतो न संपतो तोंच तिनें प्राणवायु भरून घेतलेला असतो. उरलेला वेळ ही आपली शिल्लक. जिना चढतांना, धांवतांना रक्त वेगानें वाहूं लागतें तेव्हां ती खर्ची पडते.

या पडद्याच्या हवेकडील अंगास दोन जातींच्या पेशी आहेत, आणि पुढची सर्व कथा या दोघींची आहे. पहिल्या जातीच्या पेशी पोळीसारख्या लाटलेल्या, अतिशय पातळ. शंभरांतील ९५ भाग जमीन त्यांनीं झांकलेली असते. त्या नाजूक असतात आणि एकदां मेल्या कीं स्वतःसारखी दुसरी घडवीत नाहींत. दुसऱ्या जातीच्या पेशी ठेंगण्या, गुटगुटीत, कोशाच्या कोपऱ्यांत बसणाऱ्या. त्यांच्याकडे दोन कामें आहेत. एक म्हणजे पहिल्या जातीच्या पेशींची जागा रिकामी झाली तर स्वतः वाढून ती भरून काढणें. दुसरें काम समजण्यासाठीं घरांतलाच दाखला घेऊं. ओलीं विड्याचीं पानें एकमेकांवर ठेवलीं कीं तीं चिकटतात आणि सोडवितांना फाटतात. पाण्याच्या अंगीं स्वतःस आंवळून घेण्याची जी ओढ आहे तिचा हा परिणाम. वायुकोशाची आंतली बाजूहि ओलीच असते. मग प्रत्येक उच्छ्वासाबरोबर हे कोट्यवधि कोश मिटून चिकटून कां बसत नाहींत? कुर्ट फॉन नेरगार्ड यांनीं १९२९ सालीं डुकराचें फुप्फुस एकदां हवेनें आणि एकदां द्रवानें फुगवून पाहिलें. द्रवानें तें पुष्कळच कमी दाबानें फुगलें. म्हणजे फुप्फुसाचा ताठरपणा बराचसा या ओल्या पृष्ठभागाच्या ओढींत आहे हें उघड झालें. त्या शोधाकडे कित्येक वर्षे कोणीं लक्ष दिलें नाहीं. १९५७ सालीं जॉन क्लेमेंट्स यांनीं ही ओढ कमी करणाऱ्या द्रव्याची शक्ति मोजून दाखविली. हें द्रव्य, म्हणजे सर्फॅक्टंट, त्या गुटगुटीत पेशी तयार करतात. साबणानें किंवा रिठ्यानें पाण्यास जसा सैलपणा येतो तसा सैलपणा हें द्रव्य कोशाच्या ओलीस आणतें. अकालीं जन्मलेलीं मुलें गुदमरून जात, त्याचें कारण त्यांच्या फुप्फुसांत हेंच द्रव्य पुरेसें नसतें, हें १९५९ सालीं मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनीं दाखविलें.

आतां विषाणूकडे वळूं. इन्फ्लुएंझाचा विषाणु बहुतेक वेळां नाक, घसा व श्वासनलिका येथेंच रेंगाळतो. तेथील पेशींवर सूक्ष्म केंस असतात. ते अहोरात्र झाडूसारखे हालून धूळ व जंतु कफासह वर लोटीत असतात. विषाणु या पेशी मारतो, त्या सालपटासारख्या गळून पडतात, आणि कांहीं दिवस झाडूवालाच कामावर नसतो. घशांत एरवीं निरुपद्रवीपणें राहणारे न्यूमोनियाचे जंतु मग मोकळ्या रस्त्यानें खालीं उतरतात. १९१८ सालच्या मृत्यूंपैकीं फार मोठा भाग या मागून आलेल्या जंतूंमुळें झाला. त्या काळच्या शवविच्छेदनांत जपून ठेवलेले फुप्फुसांचे तुकडे नव्यानें तपासून अमेरिकेंतील संशोधकांनीं २००८ सालीं तसा निर्वाळा दिला आहे. पेनिसिलिन लोकांच्या हातीं यावयास तेव्हां आणखी पंचवीस वर्षांचा अवकाश होता.

जंतु मागून आले असोत वा नसोत, जिवावरच्या दुखण्यांत मार अखेर त्या पातळ पडद्यालाच बसतो. विषाणु जेव्हां खोल उतरून वायुकोशापर्यंत पोंचतो तेव्हां तो गुटगुटीत पेशींत शिरतो आणि तिची सारी यंत्रणा आपल्या प्रती काढण्यास जुंपतो. पेशी मरते, पण मरण्यापूर्वीं ती व तिच्या शेजारणी धोक्याचे संदेश सोडतात. हे संदेश पोंचतांच जवळच्या केशवाहिन्यांच्या भिंतींतील सांधे सैल होतात, आणि रक्तांतल्या पांढऱ्या पेशी त्या फटींतून घटनास्थळीं धांवतात. बोटाला कांटा लागून जागा लाल होते, सुजते, तेथें असेंच घडत असतें. आणि तेथें तें हिताचें असतें. बोट थोडें सुजलें म्हणून कोणाचें अडत नाहीं. परंतु मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून पातळ असलेल्या पडद्याला सूज परवडत नाहीं. पांढऱ्या पेशी शत्रूस मारण्यासाठीं जीं तीव्र द्रव्यें सोडतात त्यांना आपलें आणि परकें हा भेद कळत नाहीं. चाळींतल्या एका खोलीस आग लागावी आणि बंबाच्या पाण्यानें सगळा मजला भिजून भिंती खचाव्या, तसा प्रकार होतो.

सैल झालेल्या सांध्यांतून रक्तांतील पाणी झिरपूं लागतें. नुसतें पाणी नव्हे. त्याबरोबर रक्तांतलीं प्रथिनेंहि येतात. हीं प्रथिनें कोशांत उरलेलें सर्फॅक्टंट निकामी करतात, आणि नवें तयार करणाऱ्या पेशी तर मरून पडलेल्या. म्हणजे कांहीं कोश पाण्यानें भरतात, आणि जे भरत नाहींत ते ओल्या पानांसारखे मिटून चिकटतात. रक्त गोठविणाऱ्या प्रथिनाचे धागे, मेलेल्या पेशींचा चुरा आणि सांकळलेला द्रव यांचा लेप कोशाच्या भिंतीवर बसतो. सूक्ष्मदर्शकाखालीं रंग देऊन पाहिलें तर तो कांचेसारखा तकतकीत, गुलाबी दिसतो. तापलेल्या दुधावर धरणाऱ्या सायीची आठवण व्हावी असा. निरोगी फुप्फुसाचा तुकडा पाण्यांत टाकला तर तरंगतो. या फुप्फुसाचा तुकडा बुडतो. त्याचें वजन नेहमींच्या दुप्पट किंवा त्याहूनहि अधिक भरतें आणि तें हातास स्पंजासारखें न लागतां यकृतासारखें लागतें. विल्यम वेल्श हे अमेरिकेंतील ज्येष्ठ विकृतिशास्त्रज्ञ. त्यांनीं आयुष्यभर शवविच्छेदनें पाहिलीं होतीं. पण १९१८ च्या सप्टेंबरांत बोस्टनजवळच्या डेव्हन्स छावणींत तरुण शिपायांचीं असलीं भिजलेलीं फुप्फुसें पाहून तेहि चकित झाले.

आतां त्या जांभळ्या ओठांचा उलगडा होईल. उजव्या हृदयांतून निघालेलें काळसर रक्त फुप्फुसांत येतें तें तांबडें होण्यासाठीं. पण ज्या कोशांत हवाच नाहीं त्यांच्याशेजारून गेलेलें रक्त आलें तसेंच काळें परत जातें, आणि चांगल्या कोशांतून आलेल्या तांबड्या रक्तांत मिसळून सगळेंच मळकट करतें. अशा वेळीं रोग्याच्या नाकाशीं शुद्ध प्राणवायूची नळी धरली तरी तिचा उपयोग मर्यादितच होतो, कारण बंद दारापुढें कितीहि पाहुणे उभे केले तरी आंत कोणी जात नाहीं. ब्रिटिश लष्करांतील डॉक्टरांनीं त्या वेळीं या रंगास हेलिओट्रोप नांवाच्या जांभळट फुलाचें नांव दिलें होतें. मृत्यूच्या रंगास फुलाचें नांव द्यावें हें मला कधीं रुचलें नाहीं. पण चेहऱ्यावर तो रंग चढला कीं रोगी हातचा गेला, हें त्यांचें निरीक्षण बहुतेक खरें ठरत असे.

येथें एक शंका आपल्या मनांत आली असेल. फुप्फुसाची ही दशा विषाणु करतो, कीं त्याच्याशीं लढणारें आपलेंच शरीर करतें? १९१८ च्या साथींत या प्रश्नास उत्तर देणें अशक्य होतें, कारण खरा अपराधी कोण हेंच ठाऊक नव्हतें. तेव्हां दोष दिला जात होता तो प्फायफर यांनीं १८९२ सालीं वर्णिलेल्या एका जंतूस. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणु १९३३ सालीं लंडनमध्यें हातीं लागला. १९१८ सालचा विषाणु मात्र त्याच्या बळींबरोबरच पुरला गेला होता. त्याचा शोध लागण्याची कथा मोठी विलक्षण आहे. अलास्कामध्यें ब्रेव्हिग मिशन नांवाची एक लहानशी वस्ती आहे. १९१८ च्या नोव्हेंबरांत पांच दिवसांत तेथील ८० प्रौढांपैकीं ७२ मरण पावले आणि गोठलेल्या जमिनींत एकाच खड्ड्यांत पुरले गेले. योहान हुल्टिन या तरुण संशोधकानें १९५१ सालीं गांवकऱ्यांच्या परवानगीनें तो खड्डा उकरला. पण मिळालेल्या तुकड्यांतून जिवंत विषाणु काढण्याची त्याची खटपट फसली. १९९७ सालीं जेफरी टॉबेनबर्गर यांनीं जुन्या लष्करी नमुन्यांतून विषाणूचे अंश मिळविल्याचें वाचून, बहात्तर वर्षांचे हुल्टिन पुन्हां तेथें गेले. या वेळीं त्यांस एका लठ्ठ स्त्रीचें शव सांपडलें. तिच्या अंगावरील चरबीमुळें थंडींत तिचीं फुप्फुसें टिकून राहिलीं होतीं. त्या फुप्फुसांतील व त्या जुन्या नमुन्यांतील अंश जुळवून विषाणूचा संपूर्ण आराखडा २००५ सालीं पुरा झाला, आणि कडक बंदोबस्तांतील प्रयोगशाळेंत तो विषाणु पुन्हां घडविण्यांत आला.

२००७ सालीं कॅनडांतील प्रयोगशाळेंत माकडांना या विषाणूची बाधा करून पाहिलें. फुप्फुसें भिजून भरून गेलीं, आणि शरीराची पहिली प्रतिक्रिया विलक्षण तीव्र होऊन ती थांबतच नाहीं असें आढळलें. तरुणांची प्रतिकारशक्ति जोरकस, म्हणून तिचा मारहि जोरकस, असें अनुमान यावरून पुष्कळांनीं काढलें. दुसरा तर्क असा कीं, १९१८ सालीं जे म्हातारे होते त्यांची बालपणीं तत्सम विषाणूशीं ओळख झालेली होती आणि ती त्यांच्या उपयोगी पडली. दोन्हींत तथ्य असूं शकेल. मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, वर्तमानपत्रांतून 'प्रतिकारशक्तीचें वादळ' हा जो शब्द सरसकट वापरला जातो त्यानें घोटाळा फार झाला आहे. करोनाच्या साथींत ज्या संदेशवाहक द्रव्यावरून हें वादळ ओळखीत, तें द्रव्य अत्यवस्थ रोग्यांच्या रक्तांत इतर कारणांनीं फुप्फुसें भिजलेल्या रोग्यांपेक्षां पुष्कळदां कमीच आढळलें. आणि ही प्रतिक्रिया मुळींच नसती तर विषाणूनें फुप्फुसांत अनिर्बंध राज्य केलें असतें. प्रतिक्रिया हवीच असते. ती कोठें आणि कोणत्या दिवशीं होते यावर सारें अवलंबून असतें.

करोनाचें नांव निघालेंच आहे. २०२० व २०२१ या सालांत आपणांपैकीं कित्येकांच्या घरीं बोटास लावावयाचा चिमटा आला. रक्ताचा रंग पाहून त्यांतला प्राणवायु मोजणाऱ्या या युक्तीची मूळ कल्पना जपानमधील ताकुओ आओयागी यांची, १९७४ च्या सुमाराची. त्या चिमट्यानें अनेकांना गोंधळांत पाडलें. रोगी उशीशीं टेकून बोलतो आहे, चहा मागतो आहे, आणि चिमट्यावर आंकडा ऐंशीच्या घरांत! यंत्र बिघडलें असावें असें लोकांस वाटे. पण यंत्र खरें सांगत होतें. श्वास घ्यावा अशी जी तळमळ होते ती मुख्यतः रक्तांत कर्बवायु सांचल्यामुळें, प्राणवायु कमी झाल्यामुळें नव्हे. या रोगाच्या आरंभीं पुष्कळांचीं फुप्फुसें अजून मऊ असत. कर्बवायु बाहेर पडत असे, आणि मेंदूस संकटाची वर्दीच मिळत नसे. शिवाय या विषाणूनें केशवाहिन्यांच्या आंतल्या अस्तरासहि दुखविलें. २०२० सालीं करोनानें व इन्फ्लुएंझानें दगावलेल्यांचीं सात-सात फुप्फुसें शेजारीं ठेवून तपासलीं तेव्हां वायुकोशांची नासधूस दोहोंत सारखीच दिसली. परंतु केशवाहिन्यांतील रक्ताच्या सूक्ष्म गुठळ्या करोनाच्या फुप्फुसांत नऊपट होत्या. म्हणून घरांतल्या माणसास असा ताप असतां नुसत्या त्याच्या बोलण्याचालण्यावर जाऊं नये. स्वस्थ पडला असतां मिनिटास तीसपेक्षां अधिक श्वास, ओठांवर निळसर झांक, भ्रमिष्टपणा, किंवा एरवीं निरोगी माणसाचा आंकडा ९४ च्या खालीं, यांपैकीं कांहींहि दिसलें तर डॉक्टरांस सकाळपर्यंत थांबवूं नये.

उपचारांची हकीकत थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे, कारण तेथें वैद्यकाला आपलीच चूक उमजावी लागली. १९६७ सालीं डेन्व्हर येथील डेव्हिड ॲशबॉ, थॉमस पेटी व त्यांचे सहकारी यांनीं बारा रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. कोणास अपघात झालेला, कोणास विषाणूचा न्यूमोनिया. पण फुप्फुसांची गत सर्वांची तीच, आणि जे वांचले नाहींत त्यांच्या वायुकोशांत तोच कांचेसारखा लेप. निरनिराळ्या कारणांची ही एकच परिणति आहे हें तेथून वैद्यकास मान्य झालें. तोंवर श्वासयंत्रें चांगलीं झालीं होतीं. रोग्याचा प्राणवायु उतरला कीं यंत्रानें मोठे मोठे श्वास भरावेत, ही पद्धति पुढें बरींच वर्षे चालली, आणि ती कोणासहि शहाणपणाचीच वाटेल. मग १९८० नंतरच्या दशकांत इटलींतील लुचियानो गॅटिनोनी यांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें छातीचे आडवे छेद पाहून दाखविलें कीं, अशा प्रौढ रोग्याच्या छातींत हवा घेणारा भाग उरतो तो पांचसहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढा. बाकीचा भाग बुडालेला. मोठ्या माणसाच्या मापाचा श्वास आपण त्या एवढ्याशा भागांत कोंबीत होतों! तो ताणला जाऊन फाटे, नवी सूज येई, आणि पडदा अधिकच गळूं लागे. अमेरिकेंत ८६१ रोग्यांवर केलेल्या प्रयोगाचा निकाल २००० सालीं लागला. श्वासाचें माप निम्म्यावर आणल्यानें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ४० वरून ३१ वर आलें. नवें औषध नाहीं, नवें यंत्र नाहीं. फक्त हात आंखडता घेतला.

दुसरा उपाय तर आजीबाईच्या बटव्यांतला वाटावा असा. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. रोगी उताणा निजला कीं हृदयाच्या व भिजलेल्या फुप्फुसाच्या स्वतःच्याच वजनाखालीं तो चेपून बसतो. रोग्यास पालथें केलें कीं तो भाग उघडतो. फ्रान्समध्यें झालेल्या व २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, दिवसांतून सोळा तास पालथें निजविलेल्या अत्यवस्थ रोग्यांत २८ दिवसांतील मृत्यु शेंकडा १६, तर उताण्यांत ३२ हून अधिक होते. नळ्यांनीं वेढलेल्या माणसास पालथें करण्यास पांच जणांचे हात लागतात, हें मात्र आंकड्यांत दिसत नाहीं. तिसरा उपाय डेक्झामेथासोन नांवाच्या जुन्या व स्वस्त औषधाचा. २०२० सालीं इंग्लंडमधील मोठ्या प्रयोगांत श्वासयंत्रावरील करोना रोग्यांतील मृत्यु त्यानें एकतृतीयांशानें घटविले. पण ज्यांस प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना त्यापासून लाभ झाला नाहीं. पहिल्या दिवसांत शत्रु शरीरांत वाढत असतो. तेव्हां पहारेकऱ्यांचे हात बांधणें घातक ठरूं शकतें. आपल्याकडे कित्येक घरांत तापाच्या पहिल्याच दिवसापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून या गोळ्या घेतल्या गेल्या, त्यांबद्दल मला यापेक्षां सौम्य शब्दांत बोलतां येत नाहीं.

रोगी तरला म्हणजे पुढें काय होतें? ज्या गुटगुटीत पेशी वांचल्या असतील त्या आतां आपलें पहिलें काम हातीं घेतात. त्या वाढतात, पसरतात, लाटल्यासारख्या पातळ होतात आणि उघड्या पडलेल्या भिंतीवर नवें अस्तर घालतात. कोशांतलें पाणी उपसून रक्तांत परत धाडण्याचें कामहि अस्तराच्या पेशींचेंच, आणि त्यांत या गुटगुटीत पेशींचा वाटा मोठा. कांचेसारखा लेप पांढऱ्या पेशी कुरतडून नेतात. हें सारें वेळेवर झालें तर काहीं आठवड्यांत, काहीं महिन्यांत फुप्फुस जवळजवळ पूर्ववत् होतें. परंतु पेशी फारच थोड्या उरल्या, किंवा सूज दीर्घकाळ धुमसत राहिली, तर रिकाम्या जागीं धागे विणणाऱ्या पेशी शिरतात. त्या डागडुजी करतात ती गोधडीच्या ठिगळासारखी. भोंक बुजतें, पण कापड जाड होतें. जाड झालेल्या पडद्यांतून प्राणवायु जावयास वेळ लागतो. बसून राहिलें तर कळत नाहीं. जिन्यावर ती पाऊण सेकंदांतली शिल्लक अपुरी पडते आणि धाप लागते.

असें असलें तरी धाप म्हणजे फुप्फुसांवरचा व्रणच, असें समजूं नये. टोरोंटो येथील मार्गारेट हेरिज यांनीं अशा दुखण्यांतून उठलेल्या १०९ जणांवर लक्ष ठेवून २००३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्षभरानें बहुतेकांच्या फुप्फुसांत हवा जवळजवळ पूर्वींइतकीच मावूं लागली होती. तरीहि सहा मिनिटांत त्यांच्या वयाच्या माणसानें जेवढें चालावें त्याच्या दोनतृतीयांशच तीं चालत होतीं. कारण आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून त्यांचे स्नायु झडले होते.

२०२१ च्या उन्हाळ्यांत बावीस दिवस श्वासयंत्रावर काढलेल्या एका शिक्षिकाबाई पुढें माझ्याकडे येत असत. पहिल्या भेटींत त्या म्हणाल्या, "डॉक्टर, माझीं फुप्फुसें संपलीं, मला पहिला मजलासुद्धां चढवत नाहीं." तपासण्या केल्या. फुप्फुसें शेंकडा ऐंशीच्या वर काम करीत होतीं. मग मांड्या पाहिल्या. त्या काडीसारख्या झाल्या होत्या. त्यांस औषध दिलें तें खुर्चींतून हात न टेकतां उठण्याचें, आरंभीं दिवसांतून पांच वेळां, मग दहा वेळां, आणि दूध, अंडीं, डाळी यांचें. प्रथम त्यांना ही थट्टाच वाटली. त्या चौथ्या मजल्यावर राहतात आणि त्यांच्या इमारतींत पाळणा नाहीं. आठ महिन्यांनीं त्यांचें पत्र आलें: तिसऱ्या मजल्यापर्यंत त्या न थांबतां चढतात, पुढच्या जिन्यावर मात्र एकदां कठड्यास टेकावें लागतें.